मालवणचा समुद्र आणि मुंबईचें ताट

गिरगांवांत, दादरला किंवा लालबाग-परळच्या बाजूस ‘मालवण’ हें नांव कानीं न पडलेलें घर सांपडणें कठीण. खाणावळीच्या पाटीवर तें असतें, मसाल्याच्या पुडीवर असतें आणि शेजारणीच्या बोलण्यांतहि असतें. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळांत कोकणांतील हजारों माणसें गिरणगांवांत येऊन राहिलीं. त्यांच्या मनिऑर्डरी गांवीं जात आणि गांवाहून सुके बांगडे, कोकमें व कुळथाचें पीठ येई. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, परंतु हें नातें तुटलें नाहीं. मात्र ज्या समुद्राच्या नांवानें मुंबईंतील इतकीं ताटें वाढलीं जातात, त्याचा कांहीं भाग 1987 पासून सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवलेला आहे, ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असेल.

मालवणचा किनारा खडकाळ आहे. शिवाजी महाराजांनीं 1664 सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें. पाण्याखालील खडकांमुळें परक्या जहाजांना तेथवर पोंचणें अवघड होतें. जे खडक शत्रूच्या जहाजांना घातक, तेच मासळीला आश्रय देणारे ठरले. त्यांवर प्रवाळ वाढतें. प्रवाळ दिसावयास दगडासारखें, परंतु वस्तुतः ती असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. त्या प्राण्यांच्या शरीरांत अतिसूक्ष्म वनस्पती राहतात, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि आपल्या यजमानाला पोसतात. म्हणूनच पाणी गढूळ झालें कीं हा संसार विस्कटूं लागतो. पाणी नेहमीपेक्षां फार तापलें तर त्या वनस्पती निघून जातात, प्रवाळ पांढरें पडतें आणि ही अवस्था लांबल्यास मरतें. खडकांच्या कपारींत लहान मासे वाढतात. जवळच्या खाड्यांतील तिवरांच्या मुळांशीं कोळंबीचीं व मासळीचीं पिलें आसरा घेतात. बाजारांत येणाऱ्या मासळीचें बालपण अशा ठिकाणीं जातें.

हें सारें टिकावें या हेतूनें 13 एप्रिल 1987 रोजीं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें 29 चौरस किलोमीटर आहे, आणि सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोंवतालचा सुमारें 3 चौरस किलोमीटरांचा भाग हा त्याचा गाभा आहे. हेतु उत्तम होता, परंतु गांवकऱ्यांचें मन वळलें नाहीं. ज्या पाण्यांत वाडवडिलांनीं जाळीं टाकलीं, तेथें उद्यां आपणच चोर ठरणार, ही धास्ती मच्छीमारांना वाटली. ती अगदींच निराधार नव्हती. वन्यजीवांचा 1972 चा कायदा मुख्यतः रानावर दृष्टि ठेवून झालेला. रानांत हद्दीचा दगड रोवतां येतो, पण भरती-ओहोटीच्या पाण्यांत तो कोठें रोवावा? पुढें 1991 सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यांत घेण्यापूर्वीं स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचें हित जपलें पाहिजे, असें त्यांत घातलें गेलें. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षें आधींची.

येथील मच्छीमारीची जुनी रीत म्हणजे रापण. होडीनें अर्धवर्तुळाकार फिरून लांबच लांब जाळें समुद्रांत सोडावयाचें आणि त्याचीं दोन्ही टोकें किनाऱ्यावरून अनेकांनीं मिळून ओढावयाचीं. जें सांपडेल त्याचे वांटे करावयाचे. रापणीला मासळीची वाट पाहावी लागते. यांत्रिक नौका मात्र मासळीच्या मागें जाते. पर्ससीन जाळें मासळीचा थवाच्या थवा वेढतें आणि खालून आवळून घेतें. रात्रीं प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडले म्हणजे मासळी आपण होऊन त्याकडे धांवते. मग किनाऱ्यावरची रापण रिकामी येते. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी 2016 मध्यें पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. नोव्हेंबर 2017 मध्यें केंद्र सरकारनें दिव्यांच्या साह्यानें होणाऱ्या मासेमारीस मनाई केली. या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून आग्रह धरणारे कोण? तेच रापणकर आणि लहान होड्यांचे मच्छीमार!

मालवणच्या गोष्टीचें सार येथेंच आहे. ज्याच्यापासून समुद्र राखावयाचा असें कागदानें मानलें, तोच समुद्राचा सर्वांत जागरूक राखणदार निघाला. त्याला बाजूस सारून काढलेली हद्द कागदावरच राहते. आतां त्याचीं मुलें पाहुण्यांना होडींत घालून प्रवाळ दाखवावयास नेतात. जिवंत प्रवाळ हें त्यांचें उत्पन्न झालें आहे. पण बेफिकिरीनें टाकलेला नांगर किंवा प्रवाळावर ठेवलेला पाय अनेक वर्षांची वाढ क्षणांत मोडतो, हेंहि त्यांनीं ओळखलें पाहिजे.

आणि मुंबईकरानें? प्रवाळ केवळ मालवणास आहे असेंहि नाहीं. वरळी व हाजीअली येथील खडकांवरच्या प्रवाळांच्या कांहीं वसाहती किनारी रस्त्याच्या कामासाठीं 2020 सालीं उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. समुद्र मुंबईच्या दारांतहि आहे, आणि त्याचा हिशेब तिच्या स्वयंपाकघरांतहि होतो. 2023 सालीं महाराष्ट्रानें 54 जातींच्या मासळीसाठीं किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची ती 135 मिलिमीटर आहे. याहून लहान पापलेट स्वस्त मिळालें तरी तें परवडणारें नाहीं, कारण एकदांहि अंडीं न घातलेला मासा ताटांत आला म्हणजे पुढच्या वर्षाचें ताट रिकामें होतें. पूर्वींच्या गृहिणी नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीची वाट पाहत आणि तोंवर सुक्यावर भागवीत. त्या संयमामागें समुद्राला विसांवा देणारें शहाणपण होतें. मालवणच्या किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या रापणीच्या दोराचें एक टोक लालबाग-गिरगांवच्या स्वयंपाकघरांत आहे. तें किती ओढावें आणि कधीं सैल सोडावें, हें ठरविणें त्या घरांच्याहि हातीं आहे.