फडक्यालाही जागा हवी

आम्ही अहेरीतल्या एका बचत गटाच्या सहा जणी. गाड्या धुणं, आतून पुसणं, पॉलिश करणं हे आमचं काम. आज आमच्या सामानाच्या ढकलगाडीबद्दल सांगतो. ती आम्ही हौसेनं केली नाही, नुकसान झालं म्हणून केली.

सुरुवातीला सगळं सामान जमिनीवर पसरलेलं असायचं. एकदा एक फडकं मुरमावर पडलं. उचललं, झटकलं आणि तसंच बोनेटवर फिरवलं. उन्हात बारीक ओरखडे चमकले! ते पॉलिशनं काढून द्यायला आमची तीन दिवसांची कमाई गेली. वर, 'फडकं कुणाच्या हातात होतं?' यावरून आमच्यातच बोलाचाली झाली. गट मोडतो की काय, असं वाटलं. तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "घरी आपण पोळपाट चपलांशेजारी ठेवतो का? मग इथं का ठेवतो?"

त्यातून ढकलगाडी करायचं ठरलं. वेल्डिंगवाल्या भाऊंकडून लोखंडी अँगलची तीन कप्प्यांची चौकट करून घेतली. आधी शेडचं दार मोजलं आणि गाडीची रुंदी त्यापेक्षा कमी ठेवली. लहान चाकं मुरमात रुततात, म्हणून मोठी रबरी चाकं लावली. दोन चाकं फिरती, दोन सरळ. फिरत्या चाकांना ब्रेक. बाटल्या घसरू नयेत म्हणून प्रत्येक कप्प्याला दोन इंचांची कड ठेवली.

आता मांडणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे ध्यानात ठेवा. म्हणून कॅन आणि बादल्या सगळ्यात खाली. जड सामान वर ठेवलं तर गाडी कलंडते. बादल्या दोन: एक शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळण्याची. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे रेती खाली बसते, पुन्हा वर येत नाही. मधल्या कप्प्यात शाम्पू आणि पॉलिश. वरच्या कप्प्यात फक्त स्वच्छ फडकी: काचेची निळी, बॉडीची पिवळी. चाकांची लाल फडकी आणि ब्रश बाजूच्या डब्यात. जमिनीला लागलेलं फडकं थेट धुण्याच्या पिशवीत जातं.

चाकं साफ करायचं औषध कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. लहान मूल ते पिऊ शकतं. ते मूळ बाटलीतच, कुलपाच्या डब्यात ठेवा. आमच्यातल्या दोघींना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक कप्प्यावर नावासोबत चित्रही काढलं आहे.

सुरजागडचं लोहखनिज नेणारे ट्रक आलापल्लीवरून जातात. त्या रस्त्यानं आलेल्या गाडीवर लाल धूळ असतेच. ती कोरडी पुसली की रंग खरवडला जातो. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहू द्यायची, मगच हात लावायचा.

संध्याकाळी ढकलगाडी आत घेताना आम्ही एकदा नजर फिरवतो. एखादी जागा रिकामी दिसली तर ती वस्तू शोधूनच घरी जातो. 'कुणाच्या हातात होतं?' हा प्रश्न आता आमच्यात निघत नाही. तुमचं काम शिवणाचं असो की पापडाचं, आधी वस्तूंच्या जागा ठरवा. भांडणं आपोआप कमी होतील.