निवृत्तिवेतन निधीचे राखणदार कसे नेमले जातात

(केंद्रसंमेलनात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



गावातील सार्वजनिक धान्याच्या कोठाराची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न धान्य किती साठले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो. शिक्षकाच्या वार्धक्याच्या निधीचेही तसेच आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू करण्यात आली. जिल्हा परिषदेचे शिक्षकही तीत आले. वेतनातून दरमहा कपात होऊ लागली. हा पैसा पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत गुंतविला जातो आणि कमीअधिक होण्याचा धोका खातेदाराच्या पदरी येतो. यास्तव या व्यवहारावर देखरेख ठेवणारे कोण व ते त्या जागी कसे येतात, हे जाणणे हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे.

ही देखरेख निवृत्तिवेतन निधी नियामक व विकास प्राधिकरणाकडे आहे. ते प्रथम २००३ मध्ये शासकीय ठरावाने अस्तित्वात आले. संसदेने २०१३ मध्ये त्यासाठी अधिनियम केला व तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अंमलात आला. त्यानुसार प्राधिकरणात एक अध्यक्ष व जास्तीत जास्त सहा सदस्य असतात. त्यांपैकी निदान तीन पूर्णवेळ असले पाहिजेत. नेमणूक केंद्र सरकार करते. मात्र वाटेल त्यास नेमता येत नाही. व्यक्ती कर्तबगार, सचोटीची व प्रतिष्ठित असावी, तिला अर्थशास्त्र, वित्त किंवा कायदा यांचे ज्ञान व अनुभव असावा, आणि या तिन्ही शाखांतील निदान एकेक जण असावा, असा दंडक आहे. हिशेब जाणणारा, बाजार ओळखणारा व कायद्याचे बोट धरून चालणारा असे तिघे एकत्र बसले, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येते.

अध्यक्ष व पूर्णवेळ सदस्यांची मुदत पाच वर्षांची असून त्यांची पुन्हा नेमणूक होऊ शकते. अध्यक्षास वयाच्या ६५ व्या आणि पूर्णवेळ सदस्यास ६२ व्या वर्षानंतर पदावर राहता येत नाही. दिवाळखोरी, असमर्थता किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा या कारणांवरून सदस्यास दूर करता येते. कर्तव्याला बाधक असा हितसंबंध निर्माण झाला किंवा अधिकाराचा दुरुपयोग केला, तरीही दूर करता येते. परंतु या दोन आरोपांत त्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. म्हणजे सदस्य निष्काळजी राहू नये आणि सत्ताधाऱ्यांच्या लहरीस बळीही पडू नये, अशी दुहेरी योजना केली आहे. पद सोडल्यावर दोन वर्षे अध्यक्ष वा पूर्णवेळ सदस्याने केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून शासकीय नोकरी किंवा निवृत्तिवेतन क्षेत्रातील कंपनीतील पद स्वीकारू नये, असेही बंधन आहे. उद्या ज्याच्या दारी चाकरीस जायचे, त्याच्यावर आज कठोर नजर कोण ठेवील?

एक उणीव मात्र दृष्टीआड करू नये. ज्यांचा पैसा आहे, त्या खातेदारांस या निवडीत मत नाही. त्यांच्या व कर्मचारी संघटनांच्या हितसंबंधांना स्थान आहे ते सल्लागार समितीत. आणि सल्ला म्हणजे निर्णय नव्हे. म्हणूनच नेमणूक करणाऱ्या शासनावर संसदेची व जागरूक नागरिकांची दृष्टी असणे अवश्य ठरते.

ही जागरूकता घरापासून सुरू होते. प्रत्येक शिक्षकाने आपला बारा अंकी स्थायी खाते क्रमांक जपून ठेवावा, कपात झालेली रक्कम खात्यात जमा झाली की नाही ते वार्षिक उताऱ्यावरून ताडून पाहावे, व वारसाचे नामनिर्देशन पूर्ण करावे. त्रुटी आढळल्यास लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविणाऱ्याने स्वतःच्या म्हातारपणाचा हिशेब न पाहता राहणे शोभणारे नाही. राखणदार कितीही निवडून नेमला, तरी शेताच्या धन्याने बांधावर फेरी मारणे सोडू नये.