फाटकाच्या आतलं शेवटचं चेंबर



आपल्या मालमत्ता व्यवस्थापकांच्या संमेलनांत बोलणं होतं ते लिफ्टबद्दल, चिलरबद्दल, अग्निशमनाबद्दल आणि भाडेकरारांबद्दल. पावसाळी गटाराच्या वाट्याला व्यासपीठ येत नाही. मे महिन्यात ते एका कोटेशनपुरतं फायलीत शिरतं, 'गाळ काढणे, लमसम' एवढी एक ओळ त्याला मिळते, आणि जुलैत पाणी तुंबलं की महापालिकेच्या नावाने खडे फोडून आपण मोकळे होतो. महापालिकेचा समाचार घ्यायला वर्तमानपत्रं समर्थ आहेत. मी आज कुंपणाच्या आतच राहणार आहे.

आधी थोडा हिशोब. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधल्या गेल्या. त्यातलंही निम्मंच पाणी गटारात येईल, बाकीचं जमिनीत मुरेल, असं गृहीत होतं. 1985 च्या पुरानंतर सल्लागार नेमले गेले, 1993 मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला, आणि त्याने ताशी 50 मिलिमीटर पाऊस व सगळंच्या सगळं पाणी गटारात असा निकष घालून दिला. तो अहवाल फडताळातून खऱ्या अर्थाने बाहेर यायला 26 जुलै 2005 उजाडावा लागला. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 25 चे 50 झाले म्हणजे काम दुप्पट वाढलं असं आपण समजतो. आता एक हेक्टरचं संकुल घ्या. जुन्या हिशोबाने त्यातून तासाला सव्वा लाख लिटर पाणी बाहेर पडायला हवं, नव्या हिशोबाने पाच लाख. म्हणजे चौपट. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर एका तासात एका फाटकातून काढायचे म्हटलं तर वॉचमन शिटी वाजवून थकेल.

हे नवं गृहीतक अतिशयोक्तीचं नाही. लोअर परळला गिरण्या होत्या तेव्हा आवारात तलाव असत, मोकळी पटांगणं असत. आज तिथे तीन मजली तळघराच्या छपरावर पोडियम आहे आणि पोडियमवर लॉन. माहितीपत्रकात त्याला हरित क्षेत्र म्हणतात. त्या हिरवळीखाली हात-दीड हात माती आणि मग सिमेंटचा स्लॅब. पाणी मुरणार कुठे? भिजलेल्या स्लॅबवरून ते सरळ ड्रेनेज सेलमध्ये आणि तिथून आपल्या चेंबरमध्ये येतं.

आणि चेंबरमधून पुढे? मुंबईत समुद्राला मिळणारी 186 मुखं आहेत. त्यातली 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, 135 त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर राहणारी अवघी सहा. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रं याचसाठी उभी राहिली. साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की रस्त्याखालची वाहिनी तुडुंब असते आणि पाणी उलट आपल्या आवारात शिरू पाहतं. त्याला अडवायला आपल्या शेवटच्या चेंबरात एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. असायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो आहे, पण त्याच्या झडपेत पाण्याची रिकामी बाटली अडकलेली असते आणि तो कायम अर्धा उघडा असतो. बाटली काढायला दोन मिनिटं लागतात. व्हॉल्व्ह तिथे आहे हे ठाऊक असलेला माणूस शोधायला मात्र अख्खा दिवस जातो, कारण विकासकाने ताबा देताना गटाराचा नकाशा दिलेला नसतो आणि आपणही मागितलेला नसतो.

मला जे सांगायचं आहे ते या चेंबरबद्दलच आहे. फाटकाच्या आतलं शेवटचं चेंबर कुणाचं? महापालिका म्हणते तुमचं, भाडेकरू म्हणतो मालकाचं, मालक म्हणतो देखभाल कंत्राटात बघा, आणि कंत्राटात लिहिलेलं असतं 'कॉमन एरिया, दर्शनी भाग'. माझं म्हणणं असं की ते व्यवस्थापकाचं आहे, बाराही महिने आहे, आणि त्याच्या तळाची पातळी व रस्त्याखालच्या वाहिनीची पातळी हे दोन आकडे आपल्याला भाडेकराराच्या तारखेसारखे पाठ हवेत. आतलं चेंबर खाली आणि बाहेरची वाहिनी वर असेल, तर कितीही गाळ काढा, पाणी जाणार नाही. तिथे पाणी गोळा करायचा संप आणि पंपच लागतो. रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं की बाहेरच्या पातळ्या बदलतात. त्या वर्षी हे मोजमाप पुन्हा करायचं असतं.

गाळाचंही तसंच. चेंबरात काय सापडतं यावरून संकुलाचा स्वभाव कळतो. फूड कोर्ट असेल तर तेलाचा पांढरा थर असतो, कारण ग्रीस ट्रॅप साफ करण्याऐवजी कुणीतरी रात्री भांडी धुतलेलं पाणी पावसाळी जाळीत ओतलेलं असतं. एखाद्या गाळ्याचं अंतर्गत काम चालू असेल तर सिमेंटचं पाणी ओतलेलं असतं, ते पाइपात घट्ट बसतं आणि जेटिंग मशीनलाही दाद देत नाही. मुंबईत मलवाहिनी आणि पर्जन्यवाहिनी वेगळ्या आहेत. पावसाळी वाहिनीत पडलेलं तेल प्रक्रिया केंद्रात जात नाही, खाडीत जातं. म्हणून मार्चमध्ये पावसाळी चेंबर उघडावं. तेव्हा ते कोरडं असायला हवं. पाणी वाहताना दिसलं तर कुठेतरी सांडपाण्याची जोडणी चुकलेली आहे. याहून स्वस्त तपासणी मला ठाऊक नाही.

आता कागद. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा अधिक असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींचा अहवाल वर्षातून दोनदा, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यायचा असतो. तारखा कुणी विचारपूर्वक निवडल्या की योगायोगाने आल्या, देव जाणे, पण पावसाआधी एक आणि पावसानंतर एक, याहून चांगल्या मिळाल्या नसत्या. आपल्याकडे तो अहवाल सल्लागार भरतो. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, 'पर्जन्यजल व्यवस्था समाधानकारक' ही ओळ तशीच ठेवायची. चेंबरचं झाकण न उघडता ती समाधानकारक असल्याचं ज्ञान त्याला कुठून होतं, हे अध्यात्माचं क्षेत्र आहे.

बाहेरदेशी काय चालतं ते थोडक्यात. फिलाडेल्फिया शहर 2010 पासून व्यावसायिक मालमत्तांना पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या हिशोबाने पर्जन्यजल आकार लावतं, आणि पाणी आवारात जिरवलंत तर सूट देतं. सिंगापूरने 2014 पासून 0.2 हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना मुसळधारेचा लोंढा आतच थोपवून सावकाश सोडण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे महापालिकेने परळ-दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधून हिंदमाता परिसरात तुंबणारं पाणी त्यात घ्यायला सुरुवात केली. हे काम उद्या खासगी भूखंडांकडे येईल असं मला वाटतं. आपण आधीच तयारीत असावं.

यापुढचं बोलणं जरा कडू आहे. चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. 2013 चा कायदा मलवाहिनी आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी घालतो, थेट किंवा अप्रत्यक्ष. म्हणजे कंत्राटदाराच्या आड लपता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. त्याआधी 2021 मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत गुदमरून गेलेल्या तीन कामगारांच्या पत्नींना राज्य सरकारने भरपाई द्यावी आणि ती जबाबदारांकडून वसूल करावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. कुणी वकील म्हणेल, आपलं चेंबर पावसाळी आहे, कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही. वकिलाला व्याख्या कळते. हायड्रोजन सल्फाइड वायूला ती कळत नाही. तो थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि उतरलेला माणूस वरच्यांना 'वास गेला, ठीक आहे' असं सांगतो. सक्शन आणि जेटिंग मशीनचं भाडं महाग वाटतं त्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावं. झाकणाखाली जाळीही बसवा. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एल्फिन्स्टन परिसरात पाणी वाहून जावं म्हणून कुणीतरी मॅनहोलचं झाकण उघडलं आणि शहरातला एक नामवंत डॉक्टर त्यात वाहून गेला. उघडणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार.

तळघरांबद्दल बोललो नाही तर भाषण अपुरं राहील. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरमध्ये एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. तळघराची परवानगी साठवणीची आणि वाहनतळाची होती, तिथे वाचनालय चालत होतं. ही गोष्ट आपण ऐकली आहे. दुसरी कमी ऐकली असेल. 6 सप्टेंबर 2022 च्या पहाटे दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये चक्रीवादळाचा पाऊस पडत होता, जवळचा ओढा फुगला होता, आणि एका निवासी संकुलाच्या व्यवस्थापन कार्यालयाने ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की तळघरातल्या गाड्या बाहेर काढा. लोक खाली गेले. सात जण वर आले नाहीत. घोषणा करणारा माणूस तुमच्या-माझ्या खुर्चीत बसलेला होता. आपल्याला रोज गाड्यांबद्दलच्या तक्रारी येतात, म्हणून संकटातही आधी गाडीच आठवते. पाणी रॅम्पवर आलं की तळघरात कुणीही उतरायचं नाही, मालकाची गाडी असली तरी नाही, हे वाक्य कंट्रोल रूमच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि संप पंपाचा विजेचा पॅनल तळघरातच बसवलेला असेल, तर पंप नेमका हवा त्याच क्षणी बंद पडेल. पॅनल वर घ्या, जनरेटरवर जोडा, एप्रिलमध्ये संप पाण्याने भरून पंप चालवून बघा. कोरडा पंप घरघर करतो म्हणजे चालतो असं नाही.

31 मे ही नालेसफाईची रूढ तारीखही आता पुरत नाही. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला यायचा. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच आला, आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. आपली मुदत 30 एप्रिल असावी, आणि मग पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर जाळ्या बघायच्या. पहिल्या पावसात पोडियमवरचा वर्षभराचा पालापाचोळा खाली येतो आणि पावसाआधीची सफाई एका दुपारी फुकट जाते.

संमेलनापुढे तीन ठराव ठेवले आहेत. इमारतीचा ताबा घेताना पर्जन्यवाहिन्यांचा पातळ्यांसह नकाशा घेतल्याशिवाय सही करू नये. गाळाचं कंत्राट लमसम न देता घनमीटरवर, वजनपावतीसह द्यावं आणि त्यात माणूस न उतरवण्याची अट घालावी. सहामाही अहवालासोबत शेवटच्या चेंबरचं, त्या महिन्यातलं छायाचित्र जोडावं. तिसऱ्याला सल्लागार मंडळींचा विरोध आहे असं कानावर आलं आहे. त्यांनी तो इथे व्यासपीठावर येऊन मांडावा. दुपारच्या सत्रात जेटिंग मशीनवाले कंत्राटदार दर समजावून सांगणार आहेत, तेव्हा जेवणानंतर कुणी हॉटेलच्या खोलीवर जाऊ नये.