बेथेल : जालन्याजवळील एक मिशनवसाहत

आमच्या बीड जिल्ह्यातून गोदावरी ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे जालना लागते. त्या शहराजवळ बेथेल नावाचे लहानसे गाव आहे. हे नाव बायबलातील असून त्याचा अर्थ ‘देवाचे घर’ असा होतो.

या गावाचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने देशस्थ ब्राह्मण. १८४३ साली मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहू लागला. परंतु तो अल्पवयी म्हणून न्यायालयाने त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, हा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी उचलून धरला व मोठे रण माजले. थोरल्यास मात्र घरचे दार बंदच झाले.

पुढे शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालन्यास आले. त्यांचे अनुयायी बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या महार-मांग समाजांतील होते. धर्म बदलला, तरी वस्ती गावकुसाबाहेरच आणि पोट गावाच्या मर्जीवर! नुसत्या उपदेशाने हा पाश तुटणारा नव्हता; जमीन हवी होती. ती निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळाली. तीवर घरे, शाळा व प्रार्थनामंदिर उभे राहिले.

१८९१ साली शेषाद्री समुद्रप्रवासात निवर्तले. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो. ज्यांस आपल्या गावात जागा नव्हती, त्यांच्यासाठी निराळे गाव वसवावे लागले, ही गोष्ट आपण सर्वांनीच मनाशी विचारात घेण्यासारखी आहे.