गवताचा पुरावा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते भूगोल शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकवले. दगडांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही; परंतु एक देणे आहे, ते फेडावयाचे आहे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी येथेच, ग्वाल्हेरीत, एका निबंधस्पर्धेचा मी परीक्षक होतो. डायनोसॉर गवत खात, असे एका मुलाने लिहिले होते. ते वाक्य मी तांबड्या शाईने खोडले, ‘गवत फार पुढचे’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. त्या काळी पुस्तके तेच सांगत.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तेथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. विषय सभ्य नाही, क्षमा असावी. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वनस्पती पाण्याबरोबर सिलिका शोषते. ती पेशीत साचून पेशीचाच आकार घेते. पान कुजते, हा कण उरतो. उसाचे पाते हात कापते ते अशाच कणांमुळे. गवताच्या कुळाचे कण आकारावरून ओळखू येतात, आणि त्या विष्ठेत किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली तर त्यांतील काही कण भाताच्या गणातील असल्याचे दिसून आले. मुलगा बरोबर होता.

पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते प्राणी नाहीसे झाले. मेक्सिकोत आदळलेली उल्का, की दख्खनचा लाव्हा, हा वाद अजून मिटलेला नाही. त्यातही साक्ष सूक्ष्मजीवाश्मांचीच काढावी लागते. फोरॅमिनीफेरा हे समुद्रातील एकपेशी जीव. त्यांची चुनखडी कवचे तळाच्या गाळात थरावर थर साचतात. त्या संहारात पाण्यात तरंगणाऱ्या जातींपैकी बहुतेक बुडाल्या. मोठी, नक्षीदार कवचे संपली आणि वरच्या थरांत नव्या, चिमुकल्या जाती दिसू लागल्या. थर संहाराच्या अलीकडचा की पलीकडचा, हे म्हणूनच सांगता येते.

आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात या नव्या जाती सापडल्या. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आदींनी २००९ साली ते मांडले. म्हणजे वरचा लाव्हा संहारानंतरचा. शिवाय समुद्राचे जीव छिंदवाड्यात! नर्मदा-तापीच्या खोऱ्यातून समुद्राचा फाटा काही काळ आत आला असावा, असे त्यांचे अनुमान. एवढ्याशा कवचांवर एवढा समुद्र उभा करताना मी जरा बिचकतो. पण एकदा शेरा मारून पस्तावलेला माणूस दुसऱ्यांदा घाई करीत नाही.

आपल्या किल्ल्याच्या वालुकाश्मात यांतले काही मिळणार नाही. तो शंभर कोटी वर्षांहून जुना. तेव्हा गवतही नव्हते, डायनोसॉरही नव्हते. गुरुजी मुलांना तो दगड हातात देत. सूक्ष्मदर्शक मात्र त्यांच्यापाशी नव्हता.

त्या मुलाचे नाव मला आठवत नाही. आजचे मानधन मी शाळेकडेच ठेवीत आहे. त्यातून प्रयोगशाळेसाठी एक सूक्ष्मदर्शक घ्यावा. कमी पडेल ते मी भरीन.