दोन ताऱ्यांच्या मीलनातील उष्णतेचा जमाखर्च
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मागे एका संमेलनात एका भगिनीने मला विचारले होते की, आपल्या अंगावरचे सोने आकाशात घडले, हे खरे काय? त्या वेळी नुसते ‘होय’ म्हणून मी सुटका करून घेतली. ते ऋण आज फेडावयाचे आहे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधयंत्रांच्या साह्याने एक गुरुत्वीय लहर टिपली गेली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे परस्परांभोवती फिरत अखेरीस एकजीव झाले होते. अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची चमक आली. त्यानंतर काही दिवस दिसलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडत असल्याच्या खुणा सापडल्या; सोने त्याच कुळातले. पुढे या घटनेचे रेडिओ वेध घेण्यात नारायणगावानजीक खोडद येथील महादुर्बिणीचाही वाटा होता, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे.

न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहूनही जड ऐवज वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेला. असे दोन गोळे आदळले म्हणजे तापमान काही शे अब्ज अंशांवर जाते. सूर्याच्या गाभ्यात ते दीड कोटी अंश असते! मग ही उष्णता जाते कोठे?

प्रकाश तेथून सुटू शकत नाही. उष्णता वाहण्याचे काम न्यूट्रिनो नावाचे कण करतात. हे कण आपल्या पृथ्वीतून सहज आरपार जातात. पण त्या घनदाट द्रव्यात तेही अडकून पडतात. मार्क आल्फर्ड, लुचानो रेझोल्ला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला. तापमान शंभरेक मीटरांच्या आत झपाट्याने बदलत असेल तरच, मीलनानंतरच्या काही सहस्रांश सेकंदांत, उष्णतावहनाचा प्रभाव पडेल, असे त्यांना आढळले.

मात्र त्याच हिशेबात दुसरी एक बाब ठळकपणे पुढे आली, आणि मला तीच अधिक मनोवेधक वाटते. नवा गोळा सेकंदाला हजारो वेळा आकुंचन-प्रसरण पावत थरथरत असतो. दाब वाढला की न्यूट्रॉन व प्रोटॉन यांचे प्रमाण बदलू पाहते, पण त्या बदलास वेळ लागतो. कापसाची उशी दाबून सोडली तर ती रेंगाळत फुगते. दाबताना खर्चलेले सगळे बळ ती परत देत नाही. तसेच हे. जे परत मिळत नाही, त्याची उष्णता होते आणि थरथर विरत जाते. गंमत अशी की, बदल फार जलद झाला किंवा फार मंद झाला, तर ही घट जवळजवळ नाहीशी होते. त्याचा वेग थरथरीच्या वेगाशी जुळला, तरच ती मोठी.

ही थरथर किती काळ टिकते, यावर त्या गोळ्यातून निघणाऱ्या लहरींचे रूप अवलंबून आहे. २०१७ साली मीलनापूर्वीच्या लहरी मिळाल्या. नंतरच्या मात्र शोधूनही हाती लागल्या नाहीत. त्या फार उच्च कंपनसंख्येच्या असतात, आणि तेथे यंत्रांचा कान मंद पडतो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. आपल्यातील विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी त्या गावाचे नाव आजच वहीत टिपून ठेवावे.