विकत घेतलेले यंत्र कोणाचे?

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. दिवाळी तोंडावर आलेली. पलूसच्या बाजारपेठेत किराणा, कापड, आकाशकंदील यांची झुंबड, आणि झेरॉक्सच्या दुकानांत नेहमीसारखी अर्ज भरणाऱ्यांची रांग. त्या दिवशी कुठे काही मोडले नाही, वीजही गेली नाही. तरी त्या रांगेसमोरची कितीतरी यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ही आपली कार्यप्रणाली सांभाळणे त्या तारखेला थांबवले.

कार्यप्रणाली म्हणजे काय, असे कोणी विचारील. जुन्या वाड्यातला कारभारी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कळ दाबता. ते अक्षर पडद्यावर आणणे, कागद प्रिंटरकडे धाडणे, हिशेबाची वही जागच्या जागी ठेवणे हे सगळे तो करतो. मालक तुम्ही, पण किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. चोरांनी भिंतीत नवी फट शोधली, की कंपनी ती बुजवायचे साहित्य इंटरनेटवरून धाडते. तेच आता बंद. यंत्र चालत राहील, पण फट उघडी राहील. ज्या यंत्रावरून गावाच्या आधारचे आणि बँकेचे कागद जातात, ते असे उघड्या दाराने ठेवणे बरे नव्हे.

'मग विंडोज ११ घ्या, फुकटच आहे!' असे उत्तर मिळते. फुकट खरे, पण ते २०२१ साली आले तेच अटी घेऊन. यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण २०१७ नंतरचा, आठव्या पिढीचा. २०१६ साली घेतलेले यंत्र कितीही धडधाकट असो, ते यादीबाहेर. घरगुती ग्राहकांना एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली, तीही अशी : तीस डॉलर भरा, नाहीतर कंपनीकडे खाते उघडून आपल्या यंत्रातली मांडणी तिच्या कोठारात ठेवा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने धारेवर धरले, तेव्हा तिथल्यापुरती ही कोठाराची अट सुटली. आपल्याकडे कोणी ओरडले नाही, म्हणून कोणी ऐकलेही नाही.

कंपनीचीही बाजू आहे, ती लपवू नये. दहा वर्षांपूर्वीची प्रणाली जन्मभर फुकट डागडुजी करून द्या, असे कोणत्या कारागिराला म्हणता येईल? नव्या सोयीने यंत्र अधिक सुरक्षित होते, हेही खोटे नाही. माझे भांडण तिथे नाही. यंत्र म्हातारे झाले, हे ठरवणार कोण, एवढेच मला विचारायचे आहे.

पलूस तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न सुचावा, याला कारण आहे. किर्लोस्करवाडी इथेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत तेव्हा होती; सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. पण एकदा का तो नांगर शेतकऱ्याने घरी नेला, की तो त्याचा झाला. फाळ झिजला तर बदलला, वाकला तर गावच्या लोहाराने ठोकून सरळ केला. 'उद्यापासून तुमचा नांगर जुना, आता आमच्या यादीतले बैल आणा,' असे पत्र वाडीहून कधी कोणाला आले नाही. संगणकाचे मात्र तसे नाही. पत्र्याची पेटी तुमची. आतला कारभारी तुम्हाला फक्त वापरायला दिलेला असतो. करारात तसे लिहिलेले असते. तो करार कोण वाचतो म्हणा! आपण 'मान्य' वर टिचकी मारून मोकळे.

झेरॉक्सवाल्याची काय एवढी मातब्बरी, असे वाटत असेल तर थोरामोठ्यांची गोष्ट ऐका. गुजरातेत वाडिनारला नायरा एनर्जीचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना आहे. हिचे पेट्रोल पंप आपण महामार्गावर पाहतो. कंपनीत रशियातल्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टने आपली सेवा थांबवली. भारतातला कारखाना, भारतातले कामगार, पैसे आगाऊ भरलेले असे कंपनीचे म्हणणे, आणि स्वतःचाच पत्रव्यवहार स्वतःला उघडता येईना! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा दोन-तीन दिवसांत सेवा परत सुरू झाली. तेल कंपनी कोर्टात जाऊ शकते. पलूसचा दुकानदार कुठे जाणार?

अशाच एका ओळखीच्या दुकानदाराने मला विचारले, "काका, दोन्ही मशिनी बाद म्हणत्यात. नव्या घ्यायच्या म्हणजे सत्तर-ऐंशी हजार गेले की हो! का ढकलू हाय तसंच?"

मी त्याला लिनक्सचे नाव सांगितले. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले हे काम. त्याचा आराखडा उघडा, कोणीही पाहावा, दुरुस्त करावा, वाटावा. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याचीच रूपे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे अशाच प्रणालीवर शिकत आहेत. जुन्या यंत्रावरही ती नीट चालते. आम्ही एक रविवार खर्चून एका यंत्रावर ती बसवली. अर्ज भरणे, पत्रे लिहिणे, छापणे झकास चालले. पण सगळेच काही सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. त्याचा टॅलीचा हिशेब विंडोजवरच चालणारा. अंगठा घेणाऱ्या यंत्राने साफ पाठ फिरवली. आणि खरी गाठ पडली ती मराठीशी.

त्याच्याकडे एका सोसायटीचे पंधरा वर्षांचे अहवाल, सारे जुन्या टंकात, म्हणजे जुन्या फाँटमध्ये, लिहिलेले. या टंकांची गंमत अशी, की वर मराठी दिसते आणि पोटात इंग्रजी असते. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिले, की यंत्र इ, जे, के, बी, एच ही पाच अक्षरे साठवते. टंक त्यांच्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. टंक नसेल तिथे मुखवटा गळतो आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ सालीच मिळाले. त्यात लिहिलेले कुठेही मराठीच राहते. तरी कित्येक छापखान्यांत आणि कचेऱ्यांत आपण तीस वर्षे मुखवट्यावरच भागवले. याचा दोष अमेरिकेला कसा द्यावा? तिकडच्या कारभाऱ्याने किल्ल्या घेतल्या हे खरे, पण कुलपे आपणच लावून घेतली होती.

शेवटी त्याने तोड काढली ती व्यापाऱ्याला शोभेशी. एक जुने यंत्र लिनक्सवर, गिऱ्हाइकांच्या कामाला. दुसरे टॅलीपुरते, इंटरनेटची तार काढून कोपऱ्यात. अंगठ्यासाठी एकच नवे घेतले, आणि तेही घेताना प्रथमच विचारले, "ह्याला किती वर्षं सांभाळणार, ते बिलावर लिहून देता का?" विक्रेता हसला; लिहून काही दिले नाही.

सोसायटीचे अहवाल तो रात्री दुकान मिटल्यावर युनिकोडमध्ये उतरवतो आहे. रूपांतराचे साधन आहे, पण ते रफार चुकवते आणि 'तऱ्हा'मधला अर्धा र हमखास खाते. म्हणून पान न् पान डोळ्यांखालून घालावे लागते. परवा गेलो तेव्हा २०१४ सालचा ताळेबंद चालू होता.